सुतावरची सावली

आमच्या कॉलेजातला कुठलाही प्रश्न सरांपुढे नेला की त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असायचं, "बसून बघू." इतर लोक नुसतं "बघू" म्हणतात आणि विसरून जातात. सर "बसून बघू" म्हणायचे आणि खरोखरच जाऊन बसायचे.

त्यासाठी त्यांच्याकडे घडीचं एक स्टूल होतं. तीन पायांचं, वर जाड ताडपत्रीचा तुकडा ताणून बसवलेला. काखेत छत्री, हातात हे स्टूल, अंगात सोलापूरच्या उन्हाळ्यातही काळा कोट आणि कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेली कडक भाकरी, अशा थाटात ते आपल्या, म्हणजे उपप्राचार्यांच्या, खोलीतून बाहेर पडले की शिपाई एकमेकांना विचारायचे, "आज कुटं बसणार?" ग्रंथालयासाठी खुर्च्या घ्यायच्या होत्या तेव्हा दुकानदाराने पाच-सहा नमुने पाठवले. सर प्रत्येक खुर्चीवर बसून एकेक जाडजूड पुस्तक वाचत राहिले. दुकानदार रोज येऊन विचारायचा, "झालं का पसंत?" आणि सर मान वर न करता म्हणायचे, "अजून शेवटचं प्रकरण राहिलंय." परीक्षेच्या आधी ते दालनातल्या बाकांवर फिरून फिरून बसत. कुठे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते, कुठे पंख्याची कुरकुर ऐकू येते, ते बघून बाक हलवायला लावत. शिपाई वैतागून जात, पण पोरांना बरं पडायचं.

"आमच्या घराला बाहेरून रंग नाही, बघितलंत ना?" काकू, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या होत्या. "कुठला रंग द्यायचा ते ठरवायला हे भिंतीसमोर जाऊन बसले. अजून उठले नाहीत." सर शेजारीच भाकरी मोडत होते. ते फक्त म्हणाले, "इरली." अक्कलकोटकडचं घराणं, घरात कानडी. इरली म्हणजे असू दे. वादात हरले की सर एवढा एकच शब्द बोलायचे, आणि तो फक्त काकूंना ऐकायला मिळायचा. कॉलेजात तो कुणी ऐकल्याचं मला माहीत नाही.

मी लग्न होऊन सोलापुरात आले आणि त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी सरांनी मला माझ्या विषयातलं काहीच विचारलं नाही. "राहता कुठं?" विचारलं. मी पत्ता सांगितला. "खिडकीतून काय दिसतं?" मला सांगता येईना. "बरं. आज घरी जाऊन खिडकीत बसा," म्हणाले आणि मला जायला सांगितलं. मी मनात म्हटलं, हा माणूस तर्कशास्त्र शिकवतो म्हणतात, याच्यात तर्क कुठे आहे? तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. सरांचा स्वभाव तिखट होता. कौतुक करणं त्यांना जमत नसे, आणि दुसऱ्याने केलेलं त्यांना ऐकवत नसे. पुढे त्यांनी मला बांधकाम समितीची चिटणीस केलं, तेही "तुम्ही नवीन आहात, तुमची अजून कुणाशी भांडणं झालेली नाहीत" या एका गुणावर.

समिती नेमली होती वसतिगृहासाठी. करमाळा, अकलूज, श्रीपूर अशा कुठून कुठून पोरं शिकायला यायची आणि शहरात त्यांना खोली मिळायची नाही. कुणी देवळाच्या ओवरीत झोपायचं, कुणी नातलगाच्या पडवीत. काही जण तर आमच्याच प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचे आणि सकाळी शिपाई यायच्या आत उठून जायचे. सर तिथेही एकदा स्टूल टाकून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून वसतिगृह हा त्यांचा ध्यास झाला. सरकारी अनुदान मंजूर झालं, संस्थेच्या अध्यक्षांनी गावोगाव हिंडून उरलेली रक्कम उभी केली. अध्यक्ष धान्याचे व्यापारी, बोलायला मोकळे आणि कामाला खमके. सगळं जुळून आलं.

जागाही कॉलेजचीच होती. उत्तरेच्या हद्दीला लागून मोकळं माळरान, तिथे तीन मजली इमारत बसत होती. हद्दीपलीकडे विणकरांची गल्ली होती. तेलुगू बोलणारी माणसं, घरोघर हातमाग. आमच्या मोकळ्या जागेतला गल्लीला लागून असलेला लांबट पट्टा ती मंडळी कॉलेज होण्याच्या आधीपासून वापरत होती. मागावर चढवण्याआधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ लावावी लागते. त्यासाठी ताणा सगळाच्या सगळा लांब पसरायचा, बांबूच्या फुलीसारख्या कैच्यांवर जमिनीपासून वर उचलून धरायचा, पिठाची खळ चोपडायची आणि दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी मोठे कुंचे फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. सकाळचं कोवळं ऊन लागतं त्याला. ओलं राहिलं तर धागे एकमेकांना चिकटतात आणि मागावर तुटतात. गल्लीत तेवढी सरळ मोकळी जागा दुसरी नव्हती.

समितीच्या पहिल्या बैठकीत नकाशा पसरला होता. कुणीतरी म्हणालं, पट्टा आपला आहे, कुंपण घालून टाकू. सरांनी नकाशाची गुंडाळी केली. "हा नकाशा आपल्या बाजूने काढलाय. पलीकडून बसून बघू. बाई, चला."

अशी माझी आणि अव्वाची ओळख झाली. पट्ट्याला लागून पहिलंच घर तिचं. अव्वा म्हणजे तेलुगूत आजी. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची, तिचा नवरासुद्धा. नवरा अबोल. कुंचा धरून चालताना त्याचं लक्ष फक्त धाग्यांवर असायचं. अव्वा त्याच्या वाटणीचंही बोलायची. आम्ही ओट्याशी जाऊन उभे राहिलो तशी ती म्हणाली, "या सारू. काय पाडायला आला काय?"

"बसायला आलोय," सर म्हणाले आणि स्टूल उघडलं.

"ह्याच्यावर? मोडंल की ते!"

तेव्हापासून सर तिथे बसायला लागले. मे महिन्याची सुट्टी होती. आमच्या धंद्यात सगळी मोठी कामं मे महिन्यातच होतात, कारण तेव्हाच सगळ्यांना वेळ असतो. सरांनी इमारतीच्या कोपऱ्यांच्या जागी इमारतीएवढे उंच बांबू जोडून उभे केले, त्यांच्या टोकाला लाल फडकी बांधली आणि रोज सकाळभर अव्वाच्या ओट्याशी बसून बांबूंची सावली कुठे पडते ते बघत राहिले. मीही दोन-तीनदा गेले. अव्वा आम्हाला ताक द्यायची. सरांच्या खिशातली कडक भाकरी एकदा तिने चावून बघितली आणि म्हणाली, "दगूड हाय हो सारू, दगूड! बायको घरात घेत नाय काय?" त्यावर सर हसले होते. दगडासारखी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यावर त्यांची श्रद्धा होती, आणि तिची चेष्टा त्यांनी दुसऱ्या कुणाकडून खपवून घेतली नसती.

सावली पट्ट्यावर येत नव्हती. सकाळभर ती आमच्याच बाजूला, मैदानाकडे पडून असायची. सरांनी गल्लीतल्या लोकांना बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांनी सावली बघून झाली. मग ते उभे राहिले आणि म्हणाले, "पट्टा तुम्ही वापरता तसाच वापरा. कुंपण अलीकडून घालू. आणि तुमच्या सुतावर आमची सावली पडणार नाही. हा माझा शब्द."

अव्वा म्हणाली, "सारू म्हणले, झालं."

आता कुणीही विचारील की एवढी शिकलेली माणसं, मेनंतर थंडीही येते हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं खरं. भूगोलाचे प्राध्यापक सुट्टीत गावी गेले होते. आणि सोलापूरच्या मे महिन्यात सावली कुणाच्या आड येईल, ही कल्पनाच कुणाला सुचत नाही. तिथे बसलेला प्रत्येक जण, अव्वासकट, मिळेल ती सावली शोधून बसला होता.

पावसाळ्यात पाया झाला, पुढे भिंती चढल्या. खालचा मजला पुरा होऊन वरच्याची तयारी चालली होती. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी कॉलेजात लवकर आले होते. मागच्या बाजूला सर दिसले, आणि मला काहीतरी विचित्र वाटलं. जवळ गेल्यावर कळलं काय ते. सर उभे होते. स्टूल घडी घातलेलं, हातातच होतं.

उन्हाळ्यात उत्तरेकडे कललेला सूर्य आता दक्षिणेला गेला होता. वसतिगृहाची सावली कुंपण ओलांडून पट्ट्यावर आली होती. ताण्याचं अर्धं सूत उन्हात होतं आणि अर्धं सावलीत. अव्वाचा नवरा सावलीतल्या भागावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होता. एकाच मजल्याची ही गत, मग अजून दोन मजले चढले तर काय होणार ते सांगायला तर्कशास्त्र लागत नव्हतं.

"असू दे की सारू," अव्वा म्हणत होती. "जरा सरकवून घेतो." पण सरकवणार कुठे? मागे लगेच घरांच्या भिंती होत्या.

 मला बघून सरांनी मान फिरवली. त्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता आणि मला त्यांची फार दया आली. त्यांना ती आवडली नसती.

अकराला त्यांचा वर्ग होता. त्यांनी फळ्यावर एक उभा बांबू काढला, त्याची मे महिन्यातली सावली काढली आणि मार्गशीर्षातली काढली. मग पोरांना म्हणाले, "एका उदाहरणावरून सर्वसाधारण विधान करू नये, हे मी वीसेक वर्षं शिकवतोय. असं विधान ज्याने केलं तो गाढव आज तुमच्यासमोर उभा आहे. लिहून घ्या." पोरांना हसावं की नाही ते कळेना. पुढे दरवर्षी ते हेच उदाहरण द्यायचे. बांबूवाले सर हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं, आणि त्यांनी ते चालू दिलं.

समितीची बैठक मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. सरांनी सरळ सांगितलं, "माझी चूक झाली. वरचे मजले आहेत तसे चढवता येणार नाहीत."

अध्यक्षांना आधी वाटलं, सर चेष्टा करताहेत. मग ते पुढे सरकले. "सर, जागा आपली. कागद आपले. पोरं आपली. वरचे मजले बांधले न्हाईत तर अनुदान परत जाईल. मग अडतंय कुठं?"

"माझ्या शब्दाला अडतंय."

"शब्द तुमी दिला. संस्थेनं न्हाय."

"मी संस्थेच्या खर्चाने बांबू उभे केले होते," सर म्हणाले. "लोकांनी मला एकट्याला बघितलं नाही, कॉलेजला बघितलं."

बैठक तशीच मोडली. बातमी पोरांत गेली आणि दुसऱ्या दिवशी ओवरीत आणि व्हरांड्यात झोपणारी सगळी पोरं सरांच्या खोलीबाहेर जमा झाली. करमाळ्याकडचा एक उंच मुलगा पुढे झाला. त्याला सरांचा धाक होता, पण थंडी त्याहून मोठी होती. "सर, त्यांच्या सुताला ऊन पायजे, मान्य. पर आमी माणसं हाय की. थंडीत आमी कुटं ऱ्हायचं?"

 पोरांसाठी वसतिगृह हवं म्हणून सगळ्यात आधी भांडले होते सरच, आणि त्यांच्यासारखं त्या पोरांचं कुणीच बघितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बसून बघतो." पोरं गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, आता बसून काय होणार?" तेव्हा ते माझ्यावर कानडीत खेकसले. मला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला.

पुढचे काही दिवस सर कॉलेजच्या आवारात जागा बदलून बदलून बसत होते. मैदानात, विहिरीजवळ, सायकलतळावर. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एका सकाळी ते फाटकापासून मुख्य इमारतीच्या पोर्चपर्यंत जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध बसलेले दिसले. रस्ता सरळ, लांब, आणि दक्षिणेला मोकळं मैदान. उन्हाला आडवं यायला तिथे काहीच नव्हतं. सायकलवरून येणारे प्राध्यापक त्यांना वळसा घालून जात होते. मला बघून ते म्हणाले, "बाई, हे बघा, सगळे वळसा घालताहेत. कुणाचं काही अडलं का?"

मी म्हटलं, "सर, अध्यक्ष ऐकायचे नाहीत."

"त्यांना कुठं बसवायचं ते मी ठरवलंय."

पुढची बैठक सरांनी सकाळी ठेवली, आणि ती अव्वाच्या अंगणात. समितीतली सगळी माणसं तिथे खुर्च्यांवर बसवली. खुर्च्या वसतिगृहाच्या सावलीत मांडल्या होत्या आणि सरांनी त्या मुद्दाम तशाच मांडल्या होत्या. मार्गशीर्षाची थंडी. अध्यक्षांनी मफलर गुंडाळलं होतं, त्यांना सर्दीही झाली होती. सर विषयपत्रिका वाचत होते आणि अजिबात घाई करत नव्हते. दहा-पंधरा मिनिटांनी अध्यक्ष उठले, बोलता बोलता आपली खुर्ची उचलली आणि चार पावलं पलीकडे, उन्हात नेऊन ठेवली. बाकीच्यांनीही खुर्च्या ओढल्या.

सर वाचायचे थांबले. "अध्यक्षसाहेब, तुम्ही का सरकलात?"

"गारठलो की हो!"

"सुतालाही गारठाच लागतो. पण त्याला उठून सरकता येत नाही."

अध्यक्षांनी रुमालाने नाक पुसलं. शेजारी अव्वाचा नवरा खाली मान घालून तुटलेले धागे जोडत होता. अध्यक्ष बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग सरांनी आपलं म्हणणं मांडलं. वसतिगृहाचे तिन्ही मजले होऊ देत. कुंपणात मागून एक लहान दार काढू. थंडीत सावली पडेल त्या दिवसांत विणकर ताणा समोरच्या रस्त्यावर पसरतील. वर्ग अकराला भरतात, त्याच्या आत सगळं उचललं जाईल.

"कॉलेजच्या दारात सूत वाळवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, कॉलेज सोलापुरात आहे."

अध्यक्ष हसले, आणि हसला की तो माणूस अर्धा जिंकलेला असायचा. अव्वाने चहा आणला. कप हातात घेत ते म्हणाले, "बरं. एक हिवाळा बघू."

त्या एका हिवाळ्याचे मग किती हिवाळे झाले. पुढे तर उन्हाळ्यातही ताणे समोरच येऊ लागले, कारण रस्ता पट्ट्यापेक्षा लांब होता आणि विणकरांनाही तो सोयीचा पडला. सकाळी फाटकातून आत आलं की समोर लाल, हिरव्या, जांभळ्या सुताची रांग उन्हात ताणलेली दिसायची. ताणलेलं सूत ओलांडायचं नाही, त्याखालून जायचं नाही, त्याच्याजवळ चपला घालून फिरायचं नाही. हे नियम कुणी लावले नव्हते. अव्वाच्या जिभेनेच ते कॉलेजभर लागू झाले. एकदा तिने खुद्द प्राचार्यांना "ओ, फिरून जावा की!" म्हणून हटकलं होतं आणि प्राचार्य फिरून गेले होते. वसतिगृहातली पोरं दात घासता घासता शेळ्या हाकलायची. करमाळ्याचा तो उंच मुलगा तर तुटलेला धागा जोडायला शिकला आणि त्याची त्याला फार फुशारकी वाटायची.

एकदा विद्यापीठाची समिती तपासणीला आली आणि त्यांची गाडी फाटकातच अडली. पाहुण्यांना उतरून पायी वळसा घालावा लागला.  पण अध्यक्षच पुढे झाले आणि सुताकडे हात करून पाहुण्यांना सांगायला लागले, "ह्ये आमचं धोरण हाय बरं का. शेजाऱ्याला घेऊन चालायचं." सर मागून छत्री टेकत येत होते. माझ्याकडे बघून ते सुताला वळसा घालून पुढे गेले.

सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी यायचे. फाटकाच्या आत, लिंबाखाली स्टूल टाकायचे, भाकरी मोडायचे आणि सुताकडे बघत बसायचे. गल्लीतले ताणे आता कमी होत चालले होते. रोज एक, तोही अव्वाच्या घरचा. तिचा नवरा कुंचा घेऊन हळूहळू चालायचा, अव्वा दुसऱ्या बाजूने. सर म्हणायचे, "दोघं म्हातारी झाली बाई. पण काम सोडत नाहीत."

मग संस्थेचा मोठा समारंभ करायचा ठरला. पोर्चसमोर डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना फुलझाडं, मध्ये कारंजं. समितीत मी अजून होतेच. कारंजं झालं की ताण्याला जागा उरणार नाही, हे मी सरांच्या कानावर घातलं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं ताठ झालेलं बघितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "आता तुम्ही निवृत्त झालात, जाऊ द्या की." सर इरली म्हणाले नाहीत. त्यांनी स्टूल उचललं. "चला बाई. आधी अव्वाला सांगू. मग अध्यक्षांना परत तिच्या अंगणात बसवू."

अव्वा ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिचा नवरा भिंतीला टेकून, गुडघ्याला तेल चोळत होता. सरांनी स्टूल उघडलं, बसले, आणि सगळं सांगितलं. कारंजं, रस्ता, फुलझाडं. "पण तुम्ही घाबरू नका. शब्द माझा आहे. मी अजून आहे."

अव्वा शेंगा फोडायची थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने तेलाची वाटी खाली ठेवली.

"सारू," ती म्हणाली, "आता नका भांडू."

"का?"

"सूत नाय आता. दोन दिवाळ्या झाल्या. पोरं दोन्ही पावरलूमवर जातेत. तितं खळ लावलेलं सूत बीमवर गुंडाळून तयार येतंय, पसरायचं कामच नाय. गल्लीत समद्यांचं तसंच झालं."

सर म्हणाले, "पण तुमचा ताणा तर रोज असतो. आज सकाळीही होता."

"व्हता की." अव्वाने पदर सारखा केला. "एक माग ठेवलाय घरात. त्याच्यावरच्या लुगड्यांना गिऱ्हाईक नाय, घरातच पडून हायत. पोरं ओरडतेत, इका म्हणतेत माग. ह्यांचे गुडघे बगा, कुंचा धरून चालवत नाय. पर तुमी आमच्यापायी एवढं भांडला. रोज सकाळी हे स्टूल घेऊन येता, झाडाखाली बसता. समोर सूत दिसलं नाय तर तुमाला काय वाटंल? मी ह्यांना म्हणलं, सारूंनी शब्द पाळला, आपून कसा मोडायचा? जोपर्यंत सारू येतेत, तोपर्यंत पसरू."

 मला रडू यायला लागलं आणि मी खाली शेंगांच्या टरफलांकडे बघत बसले. सर समोर बघत होते. तिथून वसतिगृह दिसत होतं, कठड्यांवर पोरांचे कपडे वाळत होते.

तिकडे बघतच ते म्हणाले, "बाई, मी इथं बसून कॉलेज बघत होतो. ही दोघं मला बघत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

मग ते अव्वाच्या नवऱ्याकडे वळले. "उद्यापासून पसरू नका. गुडघ्याला शेक द्या." त्या अबोल माणसाने मान हलवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यादेखत बोलला. "बरं झालं सारू," तो म्हणाला. एवढंच.

आम्ही निघालो. सर छत्री टेकत पुढे चालले होते. मागच्या लहान दारापाशी पोचलो तेवढ्यात अव्वाची हाक आली, "सारू, ओ सारू! स्टूल ऱ्हायलं की तुमचं!"

सर थांबले, पण मागे फिरले नाहीत.

"इरली," ते म्हणाले. मग तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "असू दे तिथंच. उद्या आल्यावर बसायला लागेल की मला."